पार्किंगमध्ये कासव सापडलंय, काय करू?

कोलशेतकर७७

नमस्कार मंडळी. काल रात्री धो-धो कोसळला आणि सकाळी आमच्या वॉचमनकाकांना पार्किंगमध्ये एका स्कूटरच्या चाकाशी कासव दिसलं. वीतभर लांब. पाठ मळकट हिरवट, एकदम गुळगुळीत, चित्रात असतात तसल्या चौकटी अजिबात नाहीत. हात लावला तर ओलं चामडं वाटतं. नाक पुढे नळीसारखं निघालेलं. विचित्र म्हणजे मागचे पाय आत घेतले की पोटाकडून कातडीची दोन झाकणं येतात आणि पाय दिसेनासे होतात. हा काही आजार आहे का? सध्या टबात ठेवलंय. गाजर, पालक दिला, ढुंकूनही बघत नाही. आई म्हणते आषाढात विष्णू दारात आला, ठेवून घे. मेव्हणी म्हणते ठाण्यातल्या तलावपाळीच्या तलावात सोडून या. मी मध्ये अडकलोय.

शुभंकर_ठाणे

नशीबवान आहात! घराच्या उत्तरेला काचेच्या भांड्यात ठेवा. आमच्याकडे पण आहे, छोटं हिरवं, कानाशी लाल पट्टी. कारंज्याजवळ मस्त पोहतं.

बारावीच्या_बाई

शुभंकर, उत्तरेला पितळेचं ठेव, हवी तेवढी ठेव. जिवंत नको.

कोलशेतकर, आजारबिजार काही नाही. ती झाकणं म्हणजेच त्याची ओळख. हे आपल्याकडचं मऊ पाठीचं कासव, लिसेमिस पंक्टाटा. आपल्या तळ्यांत, भातखाचरांत, नाल्यांत सगळ्यात जास्त दिसतं ते हेच. मागच्या पायांवर पडदे ओढून घेणारं. गंगा-सिंधूच्या खोऱ्यातल्याच्या पाठीवर पिवळे ठिपके असतात, आपल्याकडच्याच्या नसतात. खात्री करायची असेल तर पंजा बघ: बोटं पाच, पण नख्या तीनच. आणि बघताना पाठीच्या मागच्या कडांना दोन्ही बाजूंनी धर. मान वाटते त्यापेक्षा बरीच लांब जाते आणि हे कडकडून चावतं. माझ्या प्रॅक्टिकलच्या वर्गात दर वर्षी एक शूर मुलगा निघायचाच.

पाठ मऊ म्हणजे आत हाड नाही असं समजू नकोस. बरगड्या आणि मणके एकमेकांना जोडूनच ती ढाल झालेली आहे, वर खवल्यांऐवजी कातडं आहे इतकंच. त्यामुळे ‘कवचातून बाहेर आलेलं कासव’ हे फक्त कार्टूनमध्ये. या ओल्या कातडीतून आणि घशाच्या अस्तरातून ते पाण्यातला थोडा ऑक्सिजन घेतं, म्हणून गाळात बुडून बराच वेळ राहू शकतं. नळीचं नाक त्यासाठीच, सगळं अंग खाली आणि टोक तेवढं वर. तळं आटलं की हे चिखलात स्वतःला पुरून घेतं आणि पावसाची वाट बघतं. पाऊस पडला की निघतं. काल रात्री तुझ्या पार्किंगमध्ये ते हरवलं नव्हतं, चाललं होतं. मध्ये तुमची बिल्डिंग उभी आहे, त्याला ते काय करणार?

गाजराचा नाद सोड. गोगलगायी, बेडूक, मासे, किडे, मेलेलं जनावर, सोबत पाणवनस्पती, असा सगळा त्याचा आहार. घाबरलेलं असताना तेही खाणार नाही. काही देऊ नकोस.

आता तलावपाळी. नाही. तिथे चहूकडून भिंत आहे, बोटिंग आहे. मादी अंडी पाण्यात घालत नाही. ती काठावर चढते, मऊ माती उकरते आणि आवळ्याएवढी गोल पांढरी अंडी पुरते. एका वेळी दोनपासून चौदापर्यंत, वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा. दगडी पायऱ्या आणि पेव्हर ब्लॉक यात ती कुठे उकरणार? तलाव सुशोभित केला म्हणून आपण फोटो काढतो, पण कासवाच्या दृष्टीने ते एक मोठं टाकं झालेलं असतं.

आणि शुभंकर, तुझं लाल पट्टीवालं अमेरिकेतलं, मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. नाण्याएवढं विकतात, मादी फूटभर होते, वीस-तीस वर्षं जगते. मग लोक कंटाळतात आणि रात्री जवळच्या तळ्यात सोडून येतात. जगातल्या सर्वाधिक उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत ते आहे. ते पाळणं गुन्हा नाही, पण तळ्यात सोडू नकोस, आणि हाताळल्यावर साबणाने हात धू. साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूमुळे अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं पाळायला विकायला बंदी आहे.

कोलशेतकरचं मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. घरात ठेवलं तर तीन ते सात वर्षं कैद. आईला हे नीट सांग. १९२६ ला फोन कर, वनखात्याची हेल्पलाइन आहे.

दिव्याचा_भाऊ

बाई, कायदा मान्य. पण आमच्या गावात पूर्वी विहिरीत कासव मुद्दाम सोडायचे. पाण्यातले किडे खातं, पाणी साफ राहतं. आमच्या आजोबांच्या विहिरीत होतं, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की कपारीत दिसायचं. कोणी त्रास दिला नाही कधी. देव मानायचे, देवळाच्या सभामंडपातसुद्धा दगडाचं असतंच ना. तेव्हा गुन्हा नव्हता, पुण्य होतं.

बारावीच्या_बाई

भाऊ, किडे खातं हे खरंच आहे, आणि गावाने मारून खाल्लं नाही हेही मोठं. आज याच कासवाची मटणासाठी चोरटी वाहतूक होते. धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत ते आता ‘असुरक्षित’ (व्हल्नरेबल) गटात आहे. पण बांधीव विहिरीत एकटं टाकलेलं कासव जगतं आणि तिथेच संपतं. जोडीदार नाही, वर चढायला वाट नाही, माती नाही. मादी असली तर अंडी पोटात घेऊन फिरते नाहीतर पाण्यात टाकते, ती वाया जातात. तुमच्या आजोबांच्या विहिरीत पिल्लं दिसली होती का कधी?

दिव्याचा_भाऊ

नाही दिसली. आता विहीरच बुजवली म्हणा, वर टॉवर आहे.

कोलशेतकर७७

फोन केला. नीट बोलले, दुपारपर्यंत माणूस येतो म्हणाले. आईला सात वर्षं सांगितल्यावर विष्णूला निरोप द्यायला लगेच तयार झाली. नख्या मोजल्या, तीनच आहेत. एक विचारायचं होतं, टबात पाणी किती ठेवू? मुलाने काठोकाठ भरलंय आणि ते सारखं कडेला नखं मारतंय.

बारावीच्या_बाई

अर्धं ओतून टाक. पाठ जेमतेम बुडेल इतकंच ठेव, नाक सहज वर आलं पाहिजे. टब सावलीत, वर ओलं गोणपाट आणि त्यावर लाकडी पाट, नाहीतर हे चढून बाहेर येईल. मुलाला लांबून बघू दे. आणि माणूस आला की कुठे सापडलं ती नेमकी जागा दाखव. आजूबाजूला ओढा किंवा दलदल उरली असेल तर त्यांना तिथेच सोडता येईल.