सिनेस्थेशिया आणि एडीएचडी दोन्ही: सुरांचे रंग दिसतात पण चित्र काही पूर्ण होत नाही

अर्धा_कॅनव्हास:
मला सिनेस्थेशिया आहे, एका संवेदनेसोबत दुसरी आपोआप जागी होते: आवाज ऐकला की रंग दिसतात, म्हणजे समोर हवेत नाही, डोक्यातच, पण अगदी पक्के. चेलोचा (मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य) खालचा सूर म्हणजे ओल्या विटेचा रंग, कडा खरखरीत. तो रंगवायला बसते आणि दहा मिनिटांत बाहेर कुणीतरी हॉर्न मारतं, त्याचा पिवळा येऊन सगळ्यावर सांडतो, मग मी त्या पिवळ्याच्याच मागे लागते आणि नवीन कॅनव्हास काढते. भिंतीला टेकून सात अर्धवट पडलेत. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचं, निदान गेल्या वर्षी झालं. रंग निसटायच्या आत पकडायची घाई होते नि तिथेच सगळं बोंबलतं. तुम्ही कसं जमवता?

हिरवा_मंगळवार:
अगं रंग कुठे निसटतोय, निसटतं ते लक्ष. सिनेस्थेशियाचे रंग वर्षानुवर्षं बहुतेक तेच राहतात, संशोधक तपासतात तेही असंच, काही महिन्यांनी अचानक तीच यादी परत विचारतात. मला अक्षरांना रंग दिसतात, माझा क शाळेपासून तपकिरी आहे, वेलांटी लागली की जरा पिवळट होतो एवढंच 😄 लेखक नाबोकोव्हने तर लहानपणी आईकडे तक्रार केली होती की ठोकळ्यांवरच्या अक्षरांचे रंग चुकलेत, आणि आईलाही अक्षरं रंगीतच दिसायची! तोच सूर परत लाव, रंग हजर.

टायमर_हरवला:
हे बरोबर, पण "नंतर करीन" म्हटलं की आपल्यासाठी ती गोष्ट मेली. मी कॅनव्हासच्या मागच्या बाजूला रंगाचा एक ठिपका आणि गाण्याचं कितवं मिनिट ते लिहून ठेवतो. वहीत नाही हां, वही हरवते. आणि रंगवताना तो एकच तुकडा लूपवर, हेडफोन लावून, म्हणजे हॉर्नचा पिवळा आत येत नाही.

शांत_जांभळा:
एडीएचडीला सुपरपॉवर म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो, बिलं भरायची राहतात तेव्हा कुठे जाते पॉवर. असो. एडीएचडीच्या गोळ्या सुरू करताना रंग जातील अशी भीती होती, माझे नाही गेले. हे माझ्यापुरतं, तुझं तू डॉक्टरांशी बोल.

अर्धा_कॅनव्हास:
काल सगळ्यात जुना कॅनव्हास काढला, तोच तुकडा लूपवर लावला. विटेचा रंग जुळला!! मधे पिवळ्याचं एक बोट उमटलंय ते तसंच ठेवलं. एक पूर्ण झालं. म्हणजे, डावा कोपरा राहिलाय.