लांबीचं कारण वाचनालयात आहे
एकोणिसाव्या शतकात, इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या काळात, लेखकांना शब्दांवर पैसे मिळत, म्हणून कादंबऱ्या लांबलचक, असं बरेच जण म्हणतात. समज फार पसरलेला आहे, पण खरा नाही. डिकन्सच्या बऱ्याच मोठ्या कादंबऱ्या मासिक भागांत निघाल्या. भाग ३२ पानांचा, किंमत १ शिलिंग. पानंच ठरलेली, मग शब्द वाढवून मिळणार काय?

खरं कारण शोधायचं तर वर्गणी घेऊन पुस्तकं घरी देणाऱ्या लंडनच्या मुडी वाचनालयाकडे बघा. तीन खंडांची नवी कादंबरी विकत घ्यायला ३१ शिलिंग ६ पेन्स लागत. मध्यमवर्गालाही ते जड जाई. मुडीची वर्षाची वर्गणी २१ शिलिंग, आणि तेवढ्यात एका वेळी एकच खंड मिळे. म्हणजे एकच कादंबरी एकाच वेळी तीन घरांत! मग प्रकाशक तीन खंडांचाच आग्रह धरणार आणि लेखक उपकथानकं घालून ते भरणार. शिवाय घरातल्या मुलींच्या हाती देता येणार नाही असं वाटलेलं पुस्तक मुडी नाकारत असे. कादंबरीकार जॉर्ज मूरने १८८५ मध्ये या दादागिरीविरुद्ध पत्रक काढलं, ते मला फार धाडसाचं वाटतं. शेवटी १८९४ मध्ये मोठ्या वाचनालयांनीच खंडामागे ४ शिलिंगांहून जास्त द्यायला नकार दिला आणि काही वर्षांतच ही तीन खंडांची पद्धत मोडली.