वस्तानचा सरडा नक्की ओळखला कसा?

निमा_बडोदेकर: इथे बडोद्यात जिऑलॉजी करणारी भाची सांगत होती की सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीतल्या जबड्याच्या तुकड्यांवरून 2008 मध्ये टिनोसॉरस इंडिकस ही नामशेष जात ठरवली, अख्खा सांगाडा नसताना हे जमतं कसं?

मांडवीवाला: ताई, दातच सगळं सांगतात! अगामिड कुळात, म्हणजे आपल्या कुंपणावरच्या सरड्याच्याच घराण्यात, बाजूचे दात जबड्याच्या कडेवर हाडाशी एकजीव झालेले असतात, पालीचे आतल्या बाजूने चिकटलेले. त्यात टिनोसॉरसचे दात तीन टोकांचे, मधलं मोठं. पाच कोटी वर्षांहून जुनी हाडं आहेत ही, विचार करा!

खडक_प्रेमी: खरंय, पण नुसत्या दातांवरून जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, ठरवताना जपायला हवं, आजच्याही काही अगामिडांना तीन टोकांचे दात असतात. कवटी मिळायला हवी राव.