प्रतिसाद: कॅटामरान भाड्याने घेताना आधी अँकर तपासा

दादा, साताऱ्याहून मे महिन्यात आठ जण ग्रीसला जाऊन कॅटामरान (दोन सांगाडे जोडलेली बोट) भाड्याने घेताय आणि सोबत स्किपर, म्हणजे बोट चालवणारा कप्तान, घ्यावा का विचारताय, तर घ्याच. स्वतः चालवायची तर परवाना लागतो, शिवाय बोट हाताळता येणारा दुसरा माणूसही. स्किपरची केबिन आणि जेवण आपल्याकडे, म्हणजे झोपायच्या जागा 9 धरा. महिना उत्तम निवडलाय. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात मेल्टेमी वारा फार जोरात असतो.

बोट ताब्यात घेताना घाई नको. अँकर (नांगर) खाली सोडून वर घ्यायला लावाच. विंडलस, म्हणजे अँकरची साखळी ओढणारं विजेचं यंत्र, चालवताना इंजिन सुरू हवं, नाहीतर बॅटरी उतरते. साखळी ताणलेली असताना विंडलसने बोट ओढायची नाही. इंजिनाने हळू पुढे जायचं, सैल झालेली साखळी तेवढी उचलायची. 5 मीटर पाण्यात किमान 25 मीटर साखळी सोडा. साखळीपासून बोटीच्या दोन्ही सांगाड्यांना बांधायचा दोर, म्हणजे ब्रायडल, लावा, नाहीतर सगळा ताण विंडलसवर येतो आणि बोट वाऱ्यात इकडेतिकडे झुलत राहते.

टॉयलेट तुंबणं हा नेहमीचा त्रास. त्यात कागदसुद्धा टाकू नका, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. आणि बामणोलीच्या लाँचमध्ये कुणाला मळमळलं नाही म्हणून गोळ्या घरी ठेवू नका. धरणाचं पाणी वेगळं, समुद्राची लाट वेगळी. डॉक्टरांना विचारून निघायच्या आधीच घ्यायच्या, उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही.