गिरणगावातून कम्युनिस्ट राष्ट्र उभं राहिलं असतं, तर त्याचं सैन्य कसं असतं?

धोटा_आणि_नांगर

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी एक दीर्घकथा लिहितेय आणि महिनाभर एकाच जागी अडकलेय.

कथेतला इतिहास असा फिरतो. 18 फेब्रुवारी 1946 ला कुलाब्याच्या 'तलवार' या नौदल तळावर नौसैनिकांनी जेवण नाकारलं आणि संप सुरू झाला. खऱ्या इतिहासात तो 23 तारखेच्या सकाळी शरणागतीने मिटला. माझ्या कथेत तो मिटत नाही. 22 तारखेला गिरण्या बंद पडल्या, परळला गोळीबारात कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे गेल्या, त्याच दिवशी माझ्या कथेचा रस्ता इतिहासापासून वेगळा होतो. बंदरातली जहाजं खलाशांच्याच हातात राहतात, नौदलाच्या कॅसल बॅरॅक्सला वेढा घालून उभे असलेले हिंदी शिपाई बंदुकांसकट आत जातात, आणि मुंबई-कोकणचं एक कामगार प्रजासत्ताक जन्माला येतं. कथा घडते 1951 मध्ये.

माझे आजोबा गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होते. आम्ही आजही त्याच गल्लीत राहतो, फक्त चाळीच्या जागी टॉवर आहे. त्यामुळे माणसं, भाषा, भोंगा, बदली कामगारांची सकाळची रांग हे सगळं मला येतं. सैन्य मात्र येत नाही. बोधचिन्ह काढून ठेवलंय (जहाजाच्या नांगरावर आडवा धोटा, म्हणजे मागावर सूत ने-आण करणारा), गणवेशाचा रंग ठरलाय, पण ही माणसं बराकीत एकमेकांशी कशी वागतील ते डोळ्यांसमोर उभं राहत नाही. हुद्दे असतील का? पक्षाचा माणूस प्रत्येक तुकडीत असेल तर त्याला मराठीत काय म्हणतील? 'कमिसार' लिहिलं की सगळं भाषांतर वाटायला लागतं. जाणकारांनी कृपया सांगावं. मला हे मनापासून नीट करायचंय.

---

पिवळी_पानं

विषय फार आवडला. हुद्द्यांपुरतं सांगतो.

रशियात डिसेंबर 1917 मध्ये हुद्दे रद्द केले आणि अधिकारी निवडून द्यायची पद्धत आणली. ती काही महिनेच टिकली. लाल सैन्याचा प्रमुख ट्रॉट्स्की, त्याने निवडणुका बंद केल्या आणि झारच्या सैन्यातले हजारो जुने अधिकारी कामाला घेतले, कारण तोफ कशी लावायची ते त्यांनाच येत होतं. त्यांच्यावर भरवसा नाही म्हणून शेजारी कमिसार बसवला, आणि हुकुमावर त्याचीही सही लागायची. 'ऑफिसर' शब्द टाकून 'कमांडर' म्हणायचं ठरलं. 1935 मध्ये हुद्दे परत आले, ऑक्टोबर 1942 मध्ये, स्टालिनग्राडची लढाई चालू असताना, कमिसारची दुसरी सही गेली, आणि 1943 च्या जानेवारीत खांद्यावरच्या पट्ट्यासुद्धा परतल्या, ज्या क्रांतीच्या वेळी सैनिकांनी उपटून फेकल्या होत्या. चीनने 1955 मध्ये हुद्दे आणले, 1965 मध्ये काढले, 1988 मध्ये पुन्हा आणले.

म्हणजे तुमची कथा 1951 ची असेल तर पहिला उत्साह ओसरलेला आणि पट्ट्या परत आणाव्यात का यावर वाद पेटलेला, असा काळ धरा. वाद चालू असलेलं सैन्य कागदावर जिवंत होतं.

---

कसारा_लोकल

मी नकाशाकडे बघून सांगतो, कारण रोज तिथूनच येतो-जातो.

तुमच्या कथेच्या काळात मुंबईचं पाणी मुख्यतः तानशाहून यायचं, शहापूर तालुक्यातून, जाडजूड पाइपातून. वीज यायची खोपोली, भिवपुरी, भिऱ्याहून, आणि तिथे पडणारं पाणी घाटमाथ्यावरच्या तलावांचं. रेल्वेचं स्वतःचं वीजघर तेव्हा ठाकुर्लीला, चोळ्याला होतं, पण त्याला लागणारा कोळसा पार पूर्वेकडून येणार. काडतुसं खडकीला बनायची, रायफली इछापूरला, बंगालमध्ये. दोन्ही घाटापलीकडे!

तेव्हा तुमच्या सैन्याचा निम्मा जीव बोर घाटात आणि थळ घाटात अडकलेला असणार. वलवणचा तलाव हातचा गेला तर लालबागचे साचे थांबतात. शत्रूला गिरणगावात पाऊलही टाकावं लागत नाही. हत्यारं मात्र दुरुस्त होतील, परळ-माटुंग्याची रेल्वे वर्कशॉपं आणि माझगाव गोदी आहे. तिथल्या फिटरला नवीन काडतूस करता येणार नाही, पण जुनी रायफल तो मरू देणार नाही. प्रत्येक शिपायाला मोजून काडतुसं मिळतात आणि रिकामं कवच परत जमा करावं लागतं, एवढं कथेत आलं तरी पुरे.

आणखी एक. घाटावर गेलात की सातारा लागतो. नाना पाटलांचं प्रतिसरकार आणि कुंडलची तुफान सेना, 1943 पासून हत्यारं घेऊन गावं सांभाळणारी पोरं. गिरण्यांत अर्धी माणसं साताऱ्याची नि कोकणातली. त्यांचे भाऊच तिकडे होते. ती पोरं तुमच्या सैन्यात आली नसती असं मला वाटत नाही, आणि खलाशांशी त्यांचं पटलं असतं असंही नाही.

---

स्टोअरवाला_काका

बाळ, मी पंधरा वर्षं नौदलात होतो, रेशनच्या स्टोअरला. तोफा-बिफा मी चालवल्या नाहीत. तांदूळ, डाळ, पीठ, तेल मोजून गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात द्यायचं आणि वहीत लिहायचं, हे माझं काम. तरी तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे असं वाटतं, म्हणून रात्री बसून लिहितोय.

एका सफरीत आमच्या पिठाला जाळ्या झाल्या. पोतं उघडलं की वरचा थर हाताला गोळा होऊन यायचा, आत बारीक अळ्या. मी वर कळवलं. उत्तर आलं, चाळून घ्या. चाळून घेतलं, चपात्या झाल्या. त्या दुपारी मेसमध्ये कोणी आवाज चढवला नाही. पोरं रांगेत आली, प्रत्येकाने ताट भरून घेतलं, टेबलावर नेऊन ठेवलं आणि न खाता निघून गेली. मी गॅलीच्या खिडकीतून बघत होतो. पंचवीस-तीस ताटं, भरलेली, एका ओळीत. डाळ गार होऊन तिच्यावर साय धरली. जहाजावर इंजिनाचा आवाज कधी थांबत नाही, तो चालूच होता, पण त्या खोलीत मला माझा श्वास ऐकू येत होता. पोटात गोळा आला, कारण 'तलवार'वर त्या सकाळी काय झालं ते मी जुन्या लोकांकडून ऐकलं होतं. असंच झालं होतं. कुणी बंदूक उचलली नव्हती, ताट बाजूला सारलं होतं.

थोड्या वेळाने कॅप्टन स्वतः खाली आले. टोपी काढून काखेत धरली, एका ताटातली चपाती तोडली आणि उभ्यानेच खाल्ली, अख्खी. मग म्हणाले, हे पीठ आजपासून बंद. पुढचे आठ दिवस भात केला आणि आठही दिवस ते आमच्या मेसमध्ये जेवले. त्या माणसाने त्यानंतर काहीही सांगितलं असतं तरी आम्ही ते केलं असतं.

म्हणून सांगतो, तुझं सैन्य गणवेशात शोधू नकोस, गॅलीत शोध. 1905 मध्ये 'पोटेमकिन'वर उठाव झाला तो अळ्या पडलेल्या मांसावरून. 1928 मध्ये चीनच्या चिंगकांग डोंगरात लाल सैन्याकडे काही नव्हतं, पण सेनापतीपासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांना धान्य सोडून रोजचे पाच सेंट, एकाला जास्त नाही, एकाला कमी नाही. हिशेब उघडा, आणि तो तपासायला साध्या सैनिकांची समिती. उपाशी माणसं तेवढ्यावर टिकली. आणि 1921 मध्ये क्रोनश्टाटला, ज्या आरमारी तळाच्या खलाशांनी रशियन क्रांतीला हात दिला होता, तिथेच पंधरा मागण्या निघाल्या. त्यातली नववी होती, सगळ्या कष्टकऱ्यांना सारखं रेशन. त्यांच्यावर लाल सैन्य गोठलेल्या समुद्रावरून चालत गेलं आणि मार्चमध्ये तो तळ मोडून काढला.

हे तुझ्या कथेला लागू आहे. 1946 ला ज्यांनी ताट सारलं तेच 1951 ला अधिकारी झालेत. आता त्यांच्या मेसमधली डाळ आणि खालच्या मेसमधली डाळ एकाच डेगेतली आहे का? एवढं ठरव, बाकीचं आपोआप लिहिलं जाईल.

---

धोटा_आणि_नांगर

काका, दोनदा वाचलं. पण मनात एक भीती आहे. या माणसांवर माझा जीव आहे. त्यांना शेवटी वाईट दाखवायचं नाहीये मला.

---

स्टोअरवाला_काका

वाईट दाखवू नकोस. ती चांगलीच आहेत. फक्त फरक कोणाच्या लक्षात पहिल्यांदा येतो ते दाखव. माझ्या मते तो आचारी किंवा स्टोअरवाला असतो. वही त्याच्या हातात असते. कमिटीसाठी वेगळं तूप निघालं की ते पहिल्यांदा त्यालाच लिहावं लागतं. नोंद करायची की नाही, ही त्याची लढाई.

---

खानावळीचा_डबा

अगं, गणवेश-हुद्दे पुरुषांनी सांगितले, आता माझं ऐक.

पहिलं, कमिसारला काय म्हणतील. 'जॉबर' चुकूनसुद्धा लिहू नकोस. जॉबर कामावर लावायचा आणि त्यासाठी पैसे खायचा, गिरणगावात त्या शब्दाला कडू चव आहे. 1928 च्या मोठ्या संपानंतर गिरणी कामगार युनियनने खात्याखात्यांतून गिरणी कमिट्या उभ्या केल्या होत्या. तेव्हा लोक पक्षाच्या माणसाला 'कमिटीवाला' म्हणाले असते. 'कमिटीवाला आला, गप बसा' असं बराकीत कुणी कुजबुजलं की वाचकाला तिथल्या तिथे कळेल.

दुसरं, जेवण. माझी आजी खानावळ चालवायची, डिलाईल रोडच्या मागे, दहा बाय बाराच्या खोलीत. गावाकडून एकटे आलेले वीस-बावीस गडी तिच्याकडे महिन्यावर जेवायचे, पाळीप्रमाणे तीन वेळा पंगत. आजीला लिहिता येत नव्हतं. दाराच्या आतल्या फळीवर प्रत्येक गड्याची एक उभी जागा ठरलेली, जेवणाला खडूची एक आडवी रेघ, आणि ज्याने पैसे दिले त्याच्या रेघा ओल्या फडक्याने पुसायच्या. संप लागला की रेघा फळीवरून खाली उतरायच्या, चौकटीवर यायच्या. तिने कुणालाही उठवून लावलं नाही. दागिने गहाण पडले तिचे. गिरणगावातले लांबलचक संप कुणाच्या जिवावर चालले हे मी आईकडून ऐकलंय, सभेत ते कुणी सांगत नाही. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अशाच बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संस्था काढली, त्यांना सावकाराकडून सोडवण्यासाठी.

आता तूच बघ. नवं राष्ट्र झालं, तिजोरी रिकामी, घाटापलीकडून काही येत नाही. हजारो जहाजी पोरांना जेवायला कोण घालणार? खऱ्या 1946 मध्येही संपाच्या त्या दिवसांत लोकांनी गेटवेला टोपल्या भरभरून खाणं नेलं होतं आणि खलाशी होड्या घेऊन ते न्यायला आले होते. तुझ्या कथेत ते टोपलीवाले हात पाच वर्षांनी कुठे आहेत? माझ्या आजीसारखी बाई त्या सैन्याच्या मुदपाकखान्यात असणारच. आणि तिला उपाशी गडी चेहऱ्यावरून ओळखता येतो.

---

धोटा_आणि_नांगर

मावशी, तुमच्या आजीची फळी मी कथेत घेऊ का? नाव-गाव काही घालणार नाही. परवानगी असेल तरच.

आणि ठरलं. कथा एका बाईच्या डोळ्यांतून येईल. 1946 ला तिने गेटवेला टोपली नेली, 1951 ला ती कॅसल बॅरॅक्सच्या गॅलीत आहे. काका, एक विचारायचं राहिलं. स्टोअरमधून माल बाहेर पडताना नेमकं काय होतं? तिचा हात कुठे, तुमचा कुठे? मला तो प्रसंग बघायचाय.

---

खानावळीचा_डबा

घे बाळा. ती असती तर तिला आवडलं असतं. फळी सागवानी होती, कडेला डबे ठेवून ठेवून काळी पडलेली. तेवढं बरोबर लिही.

---

स्टोअरवाला_काका

काटा दाराच्या आत, उंबऱ्याला लागून. स्टोअरवाला आत, आचारी बाहेर. आज किती माणसं जेवणार तो आकडा आचारी आणतो, त्यावरून प्रत्येक वस्तूचं वजन निघतं. तुझ्या काळी ते पौंड-औंसात असेल. मी ओततो, आचारी काट्याकडे बघतो. काटा स्थिर झाल्याशिवाय तो परात उचलत नाही. जहाज हलत असेल तर दोघंही थांबतो, कधी कधी मिनिटभर, काहीही न बोलता. मग माझी सही, त्याची सही.

तुझ्या सैन्यात तिसरी सही समितीच्या सैनिकाची असेल. तिन्ही सह्यांसाठी एकच पेन्सिल, दोऱ्याने वहीला बांधलेली. तुझ्या बाईला सही येत नसेल तर तिच्या जागी एक आडवी रेघ येऊ दे.