कौतुकाची आस आणि पांडुरंगावरची श्रद्धा

तुळसमाळ:
सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून त्यांचे खाणेपिणे, औषधपाणी, कूस बदलून देणे हे सारे मीच करते आणि संध्याकाळी त्यांच्या उशाशी बसून हरिपाठ म्हणते. नणंदा भेटायला येतात तेव्हा त्यांना चादरीची सुरकुती तेवढी दिसते. पांडुरंग सर्व पाहतो यावर माझा विश्वास आहे. तरीही माणसांच्या एका बऱ्या शब्दासाठी जीव आसुसतो. मग माझी श्रद्धाच कमी पडते, असे समजायचे का?

इंद्रायणीकाठ:
ताई, असे मुळीच समजू नका. संत बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानले. ब्राह्मण घरातील स्त्रीने शूद्र मानल्या गेलेल्या संताचे शिष्यत्व पत्करावे, हे त्यांच्या पतीला सहन झाले नाही आणि त्यापायी त्यांना मारही खावा लागला. हे सारे त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगून ठेवले आहे. दुःख झालेच नाही असा आव त्यांनी आणला नाही, पण आपली भक्ती खरी की खोटी हे ठरवण्याचा अधिकारही त्यांनी पतीच्या हाती दिला नाही. सत्य-असत्याच्या निवाड्यात आपण मनाला साक्षी केले, बहुमत मानले नाही, असे तुकोबाही म्हणतात. नणंदांचे बोलणे मनाला लागणारच. त्यावरून आपल्या सेवेची किंमत मात्र करू नये.

चंद्रभागा:
हे पटते, तरी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. चोखोबांची भक्ती नामदेवांसारख्या संतांनी मानली, पण देवळाचे दार त्यांना बंदच राहिले. त्यांची समाधी आजही पंढरपूरच्या महाद्वारापाशी, नामदेव पायरीसमोर आहे. ते दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडावे म्हणून 1947 साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. देवाने आपल्याला स्वीकारले आहे या विश्वासाने माणूस ताठ उभा राहतो हे खरे. परंतु त्याच विश्वासाचा आधार घेऊन इतरांनी आपली जबाबदारी झटकावी, हे मला मान्य नाही. कौतुकाची अपेक्षा सोडा, मदतीचा हक्क सोडू नका. सासूबाई नणंदांची आई आहेत. आठवड्यातील काही दिवस त्यांनी सांभाळावेत, असे स्पष्ट सांगा.

टाळकरी:
मला वारीतील रीत आठवते. दिंडीत समोरचा माणूस आपले नावगाव न विचारता ‘माउली’ म्हणून पायाला हात लावतो आणि आपणही त्याच्या पाया पडतो. तेथे मान मिळण्यापूर्वी काहीच सिद्ध करावे लागत नाही. अर्थात माळ घातलेल्या आम्हा लोकांतही अभंग कोणी चांगला म्हटला याची चुरस असते, म्हणून नुसत्या माळेने ही आस सुटेल असे मी म्हणणार नाही. आपण उशाशी बसून म्हणता तो हरिपाठ ऐकायला सासूबाईंखेरीज कोणी नसते, आणि तरीही आपण तो रोज म्हणता.

तुळसमाळ:
आपल्या सर्वांची आभारी आहे. नणंदांशी या रविवारीच बोलते.