थिएटरातला ऑर्गन हलवावा का?

पायपेटी: लंडनच्या एलिफंट अँड कॅसल भागात १९३० साली ट्रोकाडेरो सिनेमागृह उघडलं. वुर्लिट्झर कंपनीचा चार कीबोर्डांचा ऑर्गन, म्हणजे हवेनं पाइप वाजवणारं भलंमोठं वाद्य, त्यात अमेरिकेहून आणून बसवला होता. १९६३ मध्ये थिएटर पाडलं. ऑर्गन सिनेमा ऑर्गन सोसायटीनं वाचवला. पुढे तो एका पॉलिटेक्निकच्या सभागृहात वाजला, आणि आता स्टेपनीच्या ट्रॉक्सीत आहे, तेही १९३३ चं सिनेमागृहच. माझं म्हणणं सरळ आहे: हलवला म्हणून वाचला.

जुनापडदा: वाचले ते पाइप. ऑर्गन म्हणजे काय पेटी आहे, उचलली आणि दुसऱ्या बैठकीला नेली? पाइप भिंतीआडच्या बंद खोल्यांत असतात, पुढे लाकडी झडपा. झडपा जेवढ्या उघडतील तेवढा आवाज बाहेर. त्या खोल्या नि ते छत धरूनच एकेक पाइप जागेवर सुरात बसवतात. दुसऱ्या वास्तूत तो निराळाच वाजणार. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूल टॉवरच्या बॉलरूममधला बघा, आहे तिथेच आहे आणि लोक त्यावर नाचतात.

पायपेटी: अहो, ब्लॅकपूलची इमारत उभी आहे! पाडलेल्या थिएटरात 'जागेवर' कुठे ठेवणार? न्यूयॉर्कच्या पॅरामाउंट थिएटरचा ऑर्गनही थिएटर गेल्यावर कॅन्ससच्या विचिटात गेला, १९७२ मध्ये तिथे वाजू लागला. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये, कबूल. भंगारात तर गेला नाही ना?

सदाफुली: बालगंधर्वांच्या साथीला असायचा तोच का हा?

जुनापडदा: नाही हो. त्याला पायानं भाता मारायचा, आत पितळी रीड. यात हवा विजेच्या पंख्यानं भरतात आणि बरेच पाइप शिट्टीसारखे वाजतात. शिवाय ढोल, झांजा, मोटारीचा भोंगासुद्धा असतो, सगळं खरंखुरं. मूकपटांना लागायचं ना.

हातोडी_पक्कड: तुमचं चालू द्या, पण चामडं कोण बदलणार? आत शेकडो चिमुकले चामडी भाते असतात, काही दशकांत कडक होऊन चिरतात. हलवायचा म्हटलं की सगळं उघडावंच लागतं, मग तेही काम होऊन जातं. मूळ जागी बसून नुसता फुसफुसणारा ऑर्गन कुणी ऐकलाय? मला तर तोच जास्त केविलवाणा वाटतो.

जुनापडदा: चामड्याचं पटलं. पण एकदा उघडला की जुने रिले, म्हणजे कीबोर्डाचा इशारा पाइपांपर्यंत नेणारे विजेचे स्विच, काढून संगणक बसवायचा मोह होतो, त्याचं काय? की तेही 'वाचला' यातच धरायचं?

हातोडी_पक्कड: वाजत असेल तर धरा. काढलेले रिले तेवढे खोक्यात घालून, चिठ्ठ्या लावून ठेवा.